हात बघा, बाई

बॉक्सिंगमधलं मला जे काही कळतं ते रिंगमध्ये उतरून कळलेलं नाही. आयुष्यात एकदाही माझ्या नाकावर ठोसा बसलेला नाही. मी पुण्यातल्या एका शाळेतली शारीरिक शिक्षणाची बाई. कवायत, लेझीम, खो-खो आणि पावसाळ्यात वर्गात बसून आरोग्याचे धडे, एवढाच माझा प्रांत. तरी आज जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धांना मी रिंगशेजारी जज म्हणून बसते, आणि कुठल्या तालमीत एखादी मुलगी चांगली निघाली की ‘जरा येऊन बघता का’ असा फोन मला येतो. हे सगळं ज्यांच्यामुळे झालं ते सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्यावर लिहिते आहे म्हटल्यावर त्यांनी नाव छापायला मनाई केली. ‘नाव छापून काय, पेन्शन वाढणार हाय का?’ म्हणून इथंही ते सुभेदारसाहेबच.

ओळख झाली ती २००८ च्या ऑक्टोबरात. पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या, बालेवाडीच्या संकुलात. नऊ खेळ, सत्तरच्या आसपास देश, आणि कामाला माणसं हवीत म्हणून शहरातल्या शाळांमधून आमच्यासारखे शिक्षक वेचलेले. मी अर्जात अ‍ॅथलेटिक्स लिहिलं होतं. मिळालं बॉक्सिंग, आणि त्यातही ग्लोव्हजचं टेबल. मला वाटलं, चपला सांभाळायला बसवलं.

हे टेबल प्रेक्षकांना दिसत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये खेळाडू लढतीसाठी स्वतःचे ग्लोव्हज आणत नाही, ते आयोजक देतात. लाल कोपऱ्याला लाल, निळ्याला निळे. त्या वेळी मुठीच्या उंचवट्यावर पांढरा पट्टा असायचा. त्या भागानं, समोरच्याच्या तोंडावर, डोक्याच्या बाजूला किंवा कमरपट्ट्याच्या वर अंगावर नीट लागलेला ठोसा तेवढाच मोजायचा. लढतीआधी मुलगा आपल्या कोचबरोबर टेबलाशी येतो, हाताचं बँडेज दाखवतो, आत काही कडक भरलेलं नाही ना हे आम्ही चाचपतो, मग सगळ्यांसमोर ग्लोव्हज चढतात. लढत झाली की तिथंच उतरवायचे, पुसायचे, पुढच्याच्या हातात द्यायचे. म्हणजे रिंगमध्ये जाणारा आणि रिंगमधून आलेला असा प्रत्येक मुलगा काही क्षण आपले दोन्ही हात आमच्यापुढं धरून उभा असतो.

पहिल्या दिवशी मी मुलांच्या चेहऱ्यांकडं बघत होते. सोळा-सतरा वर्षांची मुलं, कुणाला मिसरूड फुटलेलं, कुणाचा गळा अजून बाळासारखा. सुभेदारसाहेब माझ्या डाव्या हाताला बसले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग टेप फाडता फाडता म्हणाले, ‘हात बघा, बाई. तोंडं काय, सगळीच धुऊन येत्यात.’

मी हात बघायला लागले. गार पडलेले हात होते, घामानं ओलेचिंब हात होते. काही मुलं ग्लोव्ह दिसताच आपणहून मूठ आत घालायची, काहींचा हात कोचला पुढं ढकलावा लागायचा. एकजण आपल्या हाताकडं बघतच नव्हता, पलीकडच्या खुर्चीवरच्या निळ्या मुलावरून त्याची नजर हलत नव्हती. परत आल्यावर बघायचं ते आणखी वेगळं. बँडेज कुठपर्यंत भिजलंय, मुठीचा कुठला भाग लाल झालाय, अंगठा तर धरून नाही ना. साहेबांचं म्हणणं, उघड्या पंजानं फटके मारणाऱ्याची बोटं दुखतात आणि मूठ वळवून मारणाऱ्याची पहिली दोन हाडं लाल होतात. निकाल स्कोअरबोर्डवर लागायच्या आत ते हळूच मला सांगायचे की हा हरलाय, पण हात चांगला हाय.

त्या वर्षी हवेत विजेंदरच विजेंदर होता. दोनच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये त्यानं ७५ किलो गटात ब्राँझ मिळवलं होतं, बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. बालेवाडीत मुलांना सोडायला आलेला प्रत्येक बाप आपल्या पोराला त्याच नजरेनं बघत होता. सुभेदारसाहेबांना विजेंदरचं कौतुक होतंच, पण ते गोष्ट सांगायचे ती अथेन्सची. २००४ मध्ये अठरा वर्षांचा विजेंदर तिथं पहिल्याच लढतीत तुर्कस्तानच्या मुस्तफा करागोलूकडून २०-२५ नं हरला. त्याच अथेन्समध्ये सतरा वर्षांच्या आमीर खाननं इंग्लंडमधून जाऊन रौप्य मिळवलं, अंतिम लढतीत तो फक्त क्यूबाच्या मारिओ किंडेलानला हरला. ‘दोघांचं वय बघितलं तर एकाच वर्गातली पोरं. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं का, ह्यातला पहिल्या फेरीत गेलेला चार वर्षांनी पदक घेईल?’ मग मिशीवर बोट फिरवत, ‘कुणीतरी म्हणालं असणार. त्याच्या कोचनं.’

साहेबांच्या खिशात दोन वह्या असत. एक निकालाची, त्यात फक्त राउंड आणि गुण. दुसरी कसली, हे विचारायला मला तीन-चार दिवस लागले. त्यात मुलं होती. नावापुढं वजन, उंची, पाय, आणि मग अशा नोंदी: ‘मार खाल्ल्यावर मागं जातो, पण सरळ जात नाही.’ ‘कॉर्नरला पाणी पिताना कोचकडं बघत नाही.’ ‘काउंटनंतर पहिला ठोसा जॅब.’ हा शेवटचा शेरा त्यांच्या लेखी मोठा होता. रेफ्रीनं आठपर्यंत मोजून पुन्हा लढत सुरू केली की घाबरलेला मुलगा रागानं हात फिरवतो. जो डोकं ठेवून आधी डावा हात सरळ लांबवतो त्याला पुढं खेळता येणार, मग आज तो हरो की जिंको.

शरीराबद्दल तर ते फारच बारकाईनं लिहायचे. सतराव्या वर्षी दोन मुलांमध्ये वजन सारखं असलं तरी वय सारखं नसतं. एकाची दाढी आली, खांदे भरले, त्याची वाढ झाली. दुसरा काटकुळा, मनगटं बारीक, गुडघे मोठे. आज भरलेला मुलगा काटकुळ्याला लोळवतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. तीन वर्षांनी काटकुळा दोन गट वर जाऊन उभा राहतो आणि पहिला होता तिथंच असतो. त्यात वजनकाटा रोजचा. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं, म्हणजे आठवड्यात तीन-चार लढती असल्या तर तेवढ्या सकाळी उपाशी. एखादा उंच मुलगा जेवण सोडून ४८ किलोत कोंबलेला असला की साहेब निकालाच्या वहीत त्याला दहापैकी दहा द्यायचे आणि दुसऱ्या वहीत लिहायचे, ‘ह्याचं खाणं मारलंय.’

या दोन वह्या त्यांनी एकमेकींना कधी दाखवल्या नाहीत, असं मी गमतीनं म्हणते. पण सगळी मेख तिथंच आहे. रिंगशेजारी बसलेल्या माणसाला चांगला मुलगा लगेच ओळखू येतो. पाय हलके, डोळे शांत. आणि मग तिसऱ्या राउंडला, दोघंही दमलेले असताना, हात नकळत त्याच्या बाजूनं वळतो, कारण आपल्याला त्याचं उद्या दिसत असतं. ‘उद्याचे गुण आज द्यायचे न्हाईत,’ साहेब म्हणायचे. ‘समोरचा रडक्या पायांचा असंल, आडमुठा असंल, पण ह्या राउंडला त्यानं जास्ती मारलंय ना? मग राउंड त्याची.’

स्पर्धा संपल्यावर त्यांनी मला जजची परीक्षा द्यायला लावली. मी टाळलं. त्या वेळी आमच्याकडं रिंगशेजारी बाई बसणं नवलाचं होतं. एका पदाधिकाऱ्यानं माझ्यासमोरच त्यांना विचारलं, ‘साहेब, आता बायका निकाल देणार काय?’ साहेबांनी फीचे पैसे त्याच्या टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. ते पैसे मी नंतर परत करायला गेले तर घेतले नाहीत. सुनेला सांगून चहा मात्र पाजला.

मग सुरू झाल्या रविवारच्या सकाळी. त्यांच्या खडकीच्या घरी टीव्हीखाली जुन्या लढतींच्या कॅसेट आणि सीडी रचलेल्या असत. टीव्ही लावला की पहिलं काम आवाज बंद. समालोचक नको, गर्दी नको. प्रत्येक राउंडनंतर मी कागदावर गुण लिहायचे आणि ते विचारायचे, ‘कुठला ठोसा?’ नुसतं ‘निळा वरचढ वाटला’ चालायचं नाही. राउंडमधले तीन ठोसे सांगायचे, कुठल्या हाताचे, कुठं लागले, त्या वेळी समोरच्याचा गार्ड कुठं होता. सांगता आलं नाही तर टेप मागं. बरोबर की चूक हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मी तीन ठोसे सांगितले की ते पुढची राउंड लावत, त्यांचं मत माझ्याविरुद्ध असलं तरी.

सोल ऑलिंपिक १९८८ ची लढत आम्ही किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. लाइट मिडलवेटचा अंतिम सामना, अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हून. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबात जोन्सचे ८६ आणि पार्कचे ३२. निकाल ३-२, पार्क विजयी. स्पर्धेतल्या सर्वोत्तम बॉक्सरसाठीची व्हॅल बार्कर ट्रॉफी मात्र हरलेल्या जोन्सला दिली. त्या बोभाट्यानंतर यंत्र आलं. बार्सिलोनापासून पाच जजांपुढं लाल आणि निळी बटणं, आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी एकच बटण दाबलं तरच गुण. बालेवाडीतही तेच होतं. साहेबांना ते यंत्र पटायचं नाही. एकापाठोपाठ चार ठोसे बसले तर बोट एकदाच दाबलं जातं, आणि पोटावरच्या ठोशाला तर कुणी बटण लावतच नाही, त्यामुळं पोरं पोटावर मारायचंच विसरली, ही त्यांची तक्रार. ती खरीही होती. यंत्रावर खेळणारी मुलं लांबून टपली मारून पळायला शिकली होती.

२०१३ मध्ये यंत्र गेलं आणि दहा गुणांची पद्धत आली. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, ८ किंवा फारच एकतर्फी असली तर ७. दर्जेदार ठोसे किती, डावपेचांवर ताबा कुणाचा, झुंज कुणाची, हे बघायचं. मला वाटलं, साहेब खूश होतील. ते म्हणाले, ‘यंत्र लबाड नव्हतं, बाई. मूर्ख होतं. आता परत माणसं बसली.’ तीन वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये काही निकाल इतके वादग्रस्त ठरले की तिथले ३६ च्या ३६ रेफ्री-जज चौकशीसाठी बाजूला काढले गेले. त्या बातमीचं कात्रण त्यांनी मला पोस्टानं पाठवलं, वर एक अक्षर न लिहिता.

२०१७ च्या नोव्हेंबरात गुवाहाटीत मुलींची युवा जागतिक स्पर्धा भरली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलींची एवढी मोठी स्पर्धा भारतात पहिल्यांदाच होत होती. मी रजा टाकून स्वखर्चानं गेले, प्रेक्षक म्हणून. साहेबांचे गुडघे तोपर्यंत थकले होते, त्यामुळं रोज रात्री फोनवर वृत्तांत. दोन वह्या मीही नेल्या होत्या.

अंकुशिता बोरो ही आसामचीच. ती रिंगमध्ये आली की त्या हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. तिनं नुसता हात उचलला तरी ठोसा लागल्यासारखा गलका व्हायचा. मी सरळ कानात कापसाचे बोळे घातले. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी माझं कान दुखतोय असं समजून लवंग काढून दिली. पण बोळ्यांचा फायदा झाला. आवाज नसताना दिसलं की ती पोरगी खरंच चांगली होती. ६४ किलोच्या अंतिम लढतीत तिनं रशियाच्या एकातेरिना डायनिकला ४-१ नं हरवलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम बॉक्सर तीच ठरली. माझ्या कागदावरही जिंकली होती.

दुसऱ्या वहीतलं सगळ्यात मोठं पान मात्र नीतू घणघसचं होतं. हरियाणाची, ४८ किलो, डावखुऱ्या पवित्र्याची. अंतिम लढतीत तिनं कझाकस्तानच्या मुलीला ५-० नं हरवलं, पण माझं लक्ष ठोशांपेक्षा ती ठोसा मारून कुठं जाते याकडं होतं. मारलं की बाजूला. समोरची वळेपर्यंत पुन्हा नेमक्या अंतरावर. रात्री साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी ‘हात कसे?’ विचारलं. मी म्हटलं, गॅलरीतून हात कसे दिसणार. मग ‘पाय?’ मी सांगितलं. मग ‘वजन?’ ४८ म्हटल्यावर पलीकडं जरा शांतता. ‘ऑलिंपिकला ४८ न्हाई.’

भारताला त्या स्पर्धेत पाच सुवर्णं मिळाली: नीतू, ज्योती गुलिया, साक्षी चौधरी, शशी चोप्रा, अंकुशिता. पेपरांत पाचही जणींचे फोटो एका ओळीत आले, जणू पाचहीजणी एकाच गाडीत बसून टोकियोला निघाल्या आहेत. पुढं नीतू २०१८ ला बुडापेस्टमध्ये पुन्हा युवा जगज्जेती झाली, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकली, २०२३ ला दिल्लीत सीनियर जगज्जेती झाली. माझ्या वहीतलं पान खरं ठरलं म्हणून मी पेढे घेऊन खडकीला गेले. साहेबांनी पेढा खाल्ला आणि वजनाचीच आठवण करून दिली. पॅरिसला मुलींचा सगळ्यात हलका गट ५० किलोचा होता, आणि त्या गटात भारताकडं निखत झरीन होती. निखत २०११ ला अंतल्याला ज्युनियर जगज्जेती झाली होती. मधे खांद्याची दुखापत, मधे निवड चाचण्या, आणि सीनियर जगज्जेतेपद इस्तंबूलला २०२२ मध्ये. ज्युनियर सुवर्णापासून तिथपर्यंत अकरा वर्षं. एका देशाला एका गटात एकच जागा. जगात पहिली असलेली मुलगी घरातल्याच दुसरीमुळं बाहेर राहू शकते, ही नोंद कुठल्या वहीत करायची? मी त्यांना विचारलं. ‘तिसऱ्या,’ ते म्हणाले. ‘ती फेडरेशनकडं असती.’

एका बाबतीत मात्र आमचं कधीच जमलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या ऐन लाटेत, पोलंडमधल्या किएल्त्सेला युवा जागतिक स्पर्धा झाली. भारतानं आठ सुवर्णं मिळवली, त्यातली सात मुलींची, आणि सातातली एक नागपूरची अल्फिया पठाण, ८१ किलोवरील गटात. मी घरी मोबाइलवर बघत होते, साहेब गावी अडकलेले. अंतिम लढतीत अल्फियानं मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझला ५-० नं हरवलं आणि मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. महाराष्ट्राची मुलगी! साहेब फोनवर म्हणाले, भारी वजनाला मुलीच कमी येतात, पदक लवकर हाताशी येतं, आणि ऑलिंपिकमध्ये ७५ च्या वर मुलींना गटच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण पुढच्याच वर्षी तिनं कझाकस्तानात एलोर्डा चषकात माजी जगज्जेत्या लज्जत कुंगेइबायेवाला ५-० नं हरवलं, आणि मग अम्मानला आशियाई सुवर्णही घेतलं. तिथं अंतिम लढतीतली प्रतिस्पर्धी अपात्र ठरली म्हणून साहेबांनी ते सुवर्ण धरलं नाही. एलोर्डाचं धरलं. मी म्हटलं, गट कुणी ठरवले, त्या मुलीनं? तुम्हीच म्हणता ना, समोर आली तिला हरवलं का एवढंच बघायचं. ते म्हणाले, ‘ती पहिली वही झाली. तुम्ही मला दुसरीचं विचारताय.’ यावर आमचं आजही भांडण आहे, आणि ते मिटू नये असं मला वाटतं.

आता ते ऐंशीच्या पुढं गेलेत. नातू गाडीतून सोडतो तेव्हा जिल्ह्याच्या स्पर्धेला येतात आणि वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. मुली काट्यावर चढताना ते आकडा बघत नाहीत, तळपायांकडं बघतात. माझ्या शाळेतली एक नववीतली मुलगी गेल्या हंगामापासून त्यांच्या नजरेत आहे. वडील रिक्षा चालवतात, आई पोळ्या लाटायच्या कामाला जाते. साहेबांचं मत, हिला ५४ लाच ठेवा, तिथं हिचा हात सगळ्यांपेक्षा लांब पडतो. माझं मत, तिला ५७ ला जाऊ द्या, एक वर्ष मार खाल्ला तरी चालेल. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये मुलींचे सात गट असणार आहेत, असं मी म्हटलं तर ते हसले. ‘बाई, तुम्ही आत्ताच तिकीट काढताय.’

मग त्यांनी विचारलं, ‘जेवती काय?’ मला माहीत नव्हतं. मी तिच्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आई म्हणाली, सकाळी पोळी खाऊन जाते, आणि रात्री आल्यावर चार भाकऱ्या, कधी पाच, वर उरलेला भात, आणि परत रात्री उठून दूध मागते, बाई, हिला काही औषध द्यायचं का?

‘औषध कशाला,’ साहेब फोनकडं वाकून ओरडले. ‘अजून एक भाकरी द्या!’ आणि माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून, ‘५४ विसरा. खोडा ते.’